हातात येणारा गिअर नॉब: चिकटवायच्या आधी आटे बघा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका तरुण मालकाचा प्रश्न आहे. आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, ती त्यांनी हौसेनं चालू केली. इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग नवं टाकलं. राहिलाय तो गिअरचा नॉब. दांड्यावर तो गरगर फिरतो. जोतिबाच्या चढाला दुसरा गिअर टाकताना दोनदा चक्क हातात आला. एकदा फेव्हिक्विक लावलं, ते आठवडाभर टिकलं. आता शेजारीपाजारी सांगतात, अराल्डाइट भर आणि विषय संपव. ‘भरू का?’ एवढंच त्यांना विचारायचंय.

भरू नका. निदान शेजारी सांगतात तसं तरी नको.

कारण हेराल्डच्या अंगातच आहे. या गाडीचा गिअरबॉक्स आतून निघतो. पुढच्या दोन सीटच्या मधलं कव्हर उचलायचं आणि पेटी गाडीच्या आतूनच बाहेर घ्यायची. क्लच प्लेट बदलायची म्हटली तरी हाच रस्ता. आणि ते कव्हर दांड्यावरून वर काढायचं तर आधी नॉब निघायला पाहिजे, मग रबरी बूट, मग कव्हर. नॉब कायमचा चिकटवलात तर क्लचच्या कामाच्या दिवशी मेकॅनिक करवत घेतो. उद्यमनगरात माझ्याकडे एकदा अशीच गाडी आली होती. कोणीतरी मूळ काळा गोळा मधोमध कापून काढला होता आणि त्याची दोन शकलं मालकानं पिशवीत घालून आणली होती. ‘जोडता येईल का?’ म्हणून. नाही आलं जोडता.

तेव्हा नॉब घट्ट बसला पाहिजे आणि पाना लावला की निघालाही पाहिजे. पुढचं सगळं या एका अटीवर सांगतोय.

आधी हे ठरवा की ढिला नॉबच आहे. डाव्या हातानं दांडा नॉबच्या खाली घट्ट धरा, उजव्या हातानं नॉब फिरवा आणि हलवा. फक्त नॉब हलला तर काम सोपं आहे. दांडाच खालून खुळखुळत असेल, न्यूट्रलमध्ये वीतभर इकडेतिकडे फिरत असेल, तर दोष खालच्या बुशात, म्हणजे आतल्या नळीसारख्या कड्यात, आणि रबरात आहे. नॉब कितीही आवळा, ते काम होणार नाही. पुष्कळ वेळा दोन्ही असतं. दांड्याचा खुळखुळाट हाताला नॉबमधूनच कळतो, म्हणून शिव्या नॉबला बसतात.

आता नॉब काढा. तुमचा फिरतोच आहे, पण फेव्हिक्विकची पापडी कुठंतरी अडकली असेल तर शेवटचे दोन आटे जड जातील. पकड लावू नका, नॉबवर दात उमटतील. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, दांडा खाली लाकडाच्या दोन चिपांमध्ये धरा आणि घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवा. दांडा न धरता नुसता नॉब पिळलात तर सगळा पीळ खाली पेटीत जातो, तिथल्या बॉलवर आणि पिनेवर. नाहीच हलला तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, किंवा हेअर ड्रायर लावा. ब्लो लॅम्प कदापि नको. जुने काही नॉब सेल्युलॉइडचे असायचे आणि ते भसकन पेट घेतात. ओळखायची युक्ती सांगतो: नॉब अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि वास घ्या. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, कार्बोलिक साबणासारखा आला तर बेकलाइट. काहीच वास आला नाही तर बहुतेक पुढच्या काळातलं साधं प्लास्टिक. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एक इशारा. काही इंग्लिश गाड्यांत ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणाऱ्या जास्तीच्या गिअरचा, स्विच नॉबमध्येच असतो आणि त्याची वायर दांड्याच्या पोटातून जाते. तसला नॉब फिरवला तर वायर तुटते. तुमच्या गाडीत ती भानगड नाही, पण हे वाचून दुसरा कोणी आपल्या गाडीवर प्रयोग करेल म्हणून सांगून ठेवलं.

नॉब ढिला का झाला? थरथर हे एक कारण आहेच. जुन्या जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असलं की तिन्ही दांड्यांचे गोळे दर महिन्याला आवळावे लागतात. पण माझं निरीक्षण असं की जास्त दोष आपल्या हाताचा असतो. आपल्याकडं गिअर डाव्या हातानं टाकतात. दांडा पलीकडं ढकलताना डावा तळवा थोडा बाहेरच्या अंगाला वळतो, म्हणजे वरून बघितलं तर घड्याळाच्या उलटा. आटे सैल व्हायची दिशा तीच. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा असं शंभर वेळा केलंत की शंभर वेळा थोडं थोडं सोडवलंत. फियाट आणि जुन्या अॅम्बॅसॅडरचा दांडा स्टिअरिंगजवळ असायचा. तो बोटांनी ओढायचा, तळव्यानं पिळला जायचा नाही, म्हणून त्यांच्या नॉबची ही तक्रार माझ्याकडं क्वचित आली.

तिसरं कारण सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त आढळणारं: आधी कोणीतरी चुकीचे आटे जबरदस्तीनं घुसवलेले असतात.

इथं थोडं थांबून बोलायला पाहिजे. इंग्लंडात १९५९ साली आलेली हेराल्ड आपल्याकडं मद्रासला १९६१ पासून बनायला लागली. त्या काळी इंग्रज मोटार कारखाने बऱ्याच अंशी युनिफाइड आट्यांवर आले होते, म्हणजे माप इंचात. आज दुकानात मिळणारे नॉब आणि नट मिलिमीटरमधले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आता ५/१६ इंच म्हणजे आपल्या भाषेत अडीच सूत, म्हणजे ७.९४ मिमी. आठ मिमीच्या नटाशी फरक अर्ध्या दशांशाचा, डोळ्याला दिसणार नाही. पण अडीच सुती बारीक आटे, ज्याला यूएनएफ म्हणतात, ते इंचाला २४ असतात. म्हणजे एका आट्याचं अंतर १.०६ मिमी. आठ मिमीच्या नेहमीच्या नटात ते १.२५ असतं. एका फेरीला फरक ०.१९. पाच फेऱ्यांत जवळजवळ एक मिलिमीटर, म्हणजे अख्खा एक आटा. म्हणून काय होतं, तर नवा नॉब दोन फेऱ्या लोण्यासारखा जातो, तिसरीला अडतो. माणूस म्हणतो, गंज असेल, आणि जोर लावतो. नॉबमधलं प्लास्टिक मऊ, ते चिरत जातं. त्या दिवशी एकदम घट्ट बसतं, सगळे खूश. महिन्याभरात गरगर.

आमच्या शेजारचा एक म्हातारा टर्नर बोल्ट नुसता बोटांत फिरवून सांगायचा, ‘सायेब, ह्यो अडीच सुती हाय, आठ एमएम न्हवं.’ आपल्याकडं ते बोट नाही, म्हणून पिच गेज, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर (पिच) मोजायची दातेरी पट्टी, वापरायचं. ते नसेल तर नक्की माहीत असलेला बोल्ट दांड्याच्या आट्यांना आडवा टेकवा आणि उजेडाकडं धरा. दात दातात बसले आणि मधून उजेड आला नाही तर जात एक. नाहीतर पट्टी लावून मोजा: अर्ध्या इंचात १२ आटे भरले तर २४ चं माप. मात्र अडीच सूत आणि तीन सूत, दोन्ही यूएनएफमध्ये इंचाला २४ च असतात, तेव्हा नुसतं पिच मोजून भागत नाही, व्हर्निअरनं व्यासही घ्या. तीन सूत म्हणजे ९.५२ मिमी.

‘हेराल्डला अमुकच आटे असतात’ असं कोणी छातीठोक सांगितलं तरी स्वतःच्या गाडीवरचे मोजाच. साठ वर्षांत दांडा बदललेला असू शकतो, वरून नवे आटे मारलेले असू शकतात. फोक्सवॅगन बीटलमध्ये तर कारखान्यानंच वेगवेगळ्या काळात सात, दहा आणि बारा मिमी अशी तीन मापं वापरली. जुन्या एमजीच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाच्या, पान्याची, असा संकर आहे. इंग्रजांकडून एकसारखेपणाची अपेक्षा करू नये.

आटे मोजून झाले की दांड्याचे आटे साफ करा. पितळी ब्रश, थोडं रॉकेल. फेव्हिक्विक राहिलं असेल तर अॅसिटोन, पण ते दांड्यावरच. नॉबला अॅसिटोन लागला तर प्लास्टिक विरघळेल, चकाकी जाईल. मग त्याच मापाचा डाय, म्हणजे दांड्यावर आटे पाडायचं हत्यार, हातानं अलगद फिरवा. धातू कापायचा नाही, वाकलेले आटे सरळ करायचेत. इथं एक मोह होतो की डाय हातात आहेच तर आठ मिमीचे आटे मारून टाकू, मग बाजारातला कुठलाही नॉब बसेल. मारू नका. जुन्या आट्यांवर दुसऱ्या पिचचे आटे मारले की दोन्ही जातात आणि उरते ती घासलेली सळी.

आता बसवणं. दांडा आणि नॉब दोन्हीकडचे आटे चांगले असतील तर तुमचा आजार फक्त हरवलेल्या चेक नटचा आहे. अशा नॉबच्या खाली एक पातळ नट असतो, तो नॉबला खालून दाबून धरतो. मधल्या काळात कोणीतरी नॉब काढला, नट कुठंतरी घरंगळला, आणि पुढच्यानं नॉबच शेवटपर्यंत आवळून वेळ मारून नेली. नॉब तळाला टेकवून आवळला की त्यावरचा गिअरचा नकाशा वाकडा येतो. तो सरळ करायला पाव फेरी उलटी फिरवली की नॉब सैल. ही पाव फेरीच पुढं सगळ्या डोकेदुखीचं मूळ होते.

योग्य मापाचा पातळ नट घ्या. जाड मिळाला तर लेथवर निम्मा करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. नट दांड्यावर पूर्ण खाली उतरवा. नॉब चढवा, तळाला टेकायच्या आधी थांबा, नकाशा सरळ करा. मग नॉब हातानं घट्ट धरून नट पान्यानं वर आणा आणि आवळा. नटाचं तोंड नॉबला सपाट लागलं पाहिजे. बेकलाइट असेल तर मध्ये पातळ फायबर वॉशर घाला आणि हात आखडता ठेवा, बेकलाइट वाकत नाही, तडकतं. निम्म्या लोकांचं काम इथंच संपतं. पुढचं उरलेल्यांसाठी.

आटे थोडेसेच झिजलेत आणि नॉब नुसता डुगडुगतो, तर नळवाल्याची टेफ्लॉन टेप चालते. दांड्याच्या टोकाकडून बघत घड्याळाच्या दिशेनं दोन-तीन वेढे ओढून गुंडाळा, उलटे गुंडाळलेत तर नॉब चढवताना सगळी टेप गोळा होऊन वर येते. जुने मिस्त्री सुती दोरा आणि सफेदा लावायचे, तत्त्व तेच. पावसाळाभर टिकेल. तात्पुरतं म्हणून वाईट नाही.

यानंतर लोक लॉकटाइटवर, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या द्रवावर, येतात. औषध चांगलं आहे, फक्त कुठल्या रोगाला द्यायचं ते कळलं पाहिजे. हे द्रव हवा तुटल्यावर आणि धातूला लागून असल्यावर घट्ट होतं. म्हणून बाटली अर्धी रिकामी असते, आत हवा राहावी यासाठी. नॉबच्या पोटात पितळी किंवा लोखंडी बुश असेल तर ते उत्तम काम करतं. जांभळं, २२२ नंबरचं, कमी ताकदीचं आहे, नॉबला तेच पुरतं. निळं २४३ ही चालेल, पाना लावून निघतं. लाल २७१ घरात आणूच नका, ते काढायला चांगलीच आच द्यावी लागते आणि तेवढ्या आचेत नॉब उरणार नाही. एक थेंब पुरे, चोवीस तास हात लावायचा नाही. पण नॉबमधले आटे थेट प्लास्टिकमध्येच असतील तर एका बाजूला धातू नाही, द्रव नीट घट्ट होत नाही. वर ते काही जातींच्या प्लास्टिकला चिरा पाडतं. पारदर्शक अॅक्रिलिकचा नॉब, आत फूल वगैरे घातलेला, साठ-सत्तरच्या दशकात फार चालायचा. अशा एका नॉबवर मी स्वतः घाईत निळा थेंब टाकला होता. दुसऱ्या दिवशी आतून कोळ्याचं जाळं पडल्यासारख्या रेघा उमटल्या. गाडीवाला भला माणूस होता, काही बोलला नाही. त्याचं न बोलणं अजून लागतं.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे गरगर फिरतो आणि ओढला की येतो, नॉबमधले आटे पार गेलेत. तिथं खरा इलाज पितळी बुशाचा. कोल्हापुरात राहून हे काम अडावं असं नाही. दसऱ्याला चौकात महाराजांची जुनी मेबॅक मोटार बघायला गर्दी करणारं आणि गल्लीगल्लीत लेथ असलेलं गाव आहे हे. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लहान वर्कशॉपमध्ये जा, पण जाताना तीन गोष्टी घेऊन जा: नॉब, दांड्याच्या आट्यांत बरोब्बर बसणारा एक नट, आणि तुमचं माप लिहिलेला कागद. नुसतं ‘आठ एमएमचं करा’ म्हणालात तर तो आठ एमएमचंच करेल, चूक त्याची नाही.

बुश असा: बाहेरून चार सुती, म्हणजे साडेबारा मिमीच्या आसपास, बाहेरच्या अंगावर नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी खरबरीत जाळी, आणि एक-दोन खाचा. आतून अडीच सुती यूएनएफ असेल तर ६.९ मिमीचं भोक आणि त्यावर टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. वरचं तोंड बंद ठेवायला सांगा, म्हणजे चिकटवताना रस आट्यांत उतरत नाही. लांबी नॉबच्या भोकापेक्षा एक-दोन मिमी कमी. नॉबचं भोक बुशापेक्षा दोन-तीन दशांशच मोठं करायचं, आणि ते हँड ड्रिलवर नको, लेथच्या चकमध्ये नॉबला रबर गुंडाळून, हळू फेऱ्यांवर. वाकडं गेलं की नॉब दांड्यावर मान वाकडी करून बसतो आणि रोज डोळ्यात खुपतो. जुन्या बेकलाइटचा भुसा नाकात जाऊ देऊ नका. त्या काळी काही मालात अॅस्बेस्टॉस मिसळायचे. पाणी मारत ओलं भोक पाडा, मास्क लावा, कुंच्यानं झाडू नका.

आणि इथं, या ठिकाणी, तुमच्या शेजाऱ्याचं अराल्डाइट कामी येतं: बुश आणि नॉब यांच्यामध्ये. बुश आणि दांडा यांच्यामध्ये नव्हे. पाच मिनिटांत वाळणारं घेऊ नका, सावकाश वाळणारं घ्या, ते जास्त बळकट. भोकाला आतून पॉलिश पेपर मारा, पुसा, लावा, बुश दाबा, एक दिवस उलटा ठेवून द्या. मग चेक नटनं बसवा. बुश नॉबचा झाला, नॉब दांड्यावरून हवा तेव्हा निघतो.

लेथवाल्याकडं जायचंच नसेल तर घरची एक युक्ती आहे, मी ती दोन-तीन गाड्यांवर केलीय. दांड्याच्याच मापाचा एक चांगला बोल्ट घ्या. त्याला मेणाचं पॉलिश चोळून फडक्यानं अर्धवट पुसा, पुन्हा चोळा. नॉबच्या झिजलेल्या भोकात अराल्डाइट भरा, बोल्ट सरळ उभा दाबा, चोवीस तास सोडा. मग बोल्टाचं डोकं पान्यानं फिरवा, कट्ट असा आवाज येऊन तो सुटेल आणि मागं बोल्टाचे आटे नॉबमध्ये ओतल्यासारखे राहतील. हे गाडीच्या दांड्यावर करू नका. मेण एका जागी कमी पडलं की तुम्ही शेजाऱ्याचाच सल्ला पाळल्यासारखं होईल. हे आटे पितळेइतके टिकत नाहीत, पण सांभाळून हात असेल तर वर्षानुवर्षं जातात.

दांड्याचेच आटे गेले असतील तर मात्र दांडा बाहेर काढून वरून वेल्डिंगचा भराव, मग लेथवर सुताला आणून नवे आटे. गाडीत बसल्या जागी वेल्डिंग कोणाला करू देऊ नका. क्रोम जातं, बूट जळतो, आणि बॅटरीची वायर सोडायची आठवण नेमकी कोणाला राहत नाही.

बाजारात ऑनलाइन मिळणारे चकचकीत नॉब, बाजूला तीन बिनडोक्याचे ग्रब स्क्रू आणि सोबत प्लास्टिकच्या बुशांची पिशवी, त्यांच्याबद्दल एवढंच: ते स्क्रू थेट आट्यांवर आवळले की आटे चेचतात. लावायचेच असतील तर मध्ये पितळेचा पत्रा ठेवा. शिवाय उघड्या अॅल्युमिनियमचा नॉब मे महिन्यात, दुपारी उन्हात तासभर उभ्या गाडीत, एकदा हात लावून बघा.

काम झालं की नट, दांडा आणि नॉबची कड यांवरून नेलपॉलिशची एक बारीक उभी रेघ ओढा. वहिनींकडून मागून आणा, लाल असेल तर बरं. आठवडाभर गावातल्या गावात फिरवा, मग एक दिवस पन्हाळ्याला जा. वर पोचल्यावर गाडी सावलीत लावा आणि उतरायच्या आधी रेघ बघा. सरळ असेल तर झुणका-भाकरी खायला जा. केसभर सरकली असेल तर नट पाव फेरी आवळा, जुनी रेघ पुसा, नवी ओढा आणि परत खाली आल्यावर बघा.